पायाचा बायपास: डेक्रॉन की पीटीएफई? मामांसाठी नळी निवडायची आहे

मांजराथडी, लातूर

राम राम मंडळी. मामा ६४ वर्षांचे, गाव निलंग्याजवळ. शुगर जुनी, तंबाखूचा बार अजून चालू. मागच्या साली शेताच्या बांधापर्यंत गेलं की उजवी पोटरी आवळून यायची, दोन मिनिटं टेकलं की मोकळी. घरच्यांनी वात म्हणून तेल चोळलं. आता अंगठ्याला चपलेनं जखम झाली ती भरेना, आणि रात्री पाय खाटेखाली सोडून बसतात, आडवं झालं की ठणकतो.

लातुरात दाखवलं. घोट्याचा आणि दंडाचा बीपी मोजून गुणोत्तर काढलं, ०.४२ आलं, म्हणजे फारच कमी. सीटी अँजिओत मांडीतली मुख्य रक्तवाहिनी जांघेपासून गुडघ्याच्या थोडी वरपर्यंत बंद, पुढं परत भरायली. गुडघ्याखालच्या तीन फांद्यांपैकी दोन चालू.

पुण्याहून येणारे व्हॅस्क्युलर सर्जन म्हणायलेत बायपास करू. हृदयाच्या बायपासला डाव्या पायाची शीर आधीच काढून वापरलेली, उजवी बारीक आहे म्हणाले, म्हणून कृत्रिम नळी घालायची. डेक्रॉन, साधी पीटीएफई, नाहीतर हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) लावलेली पीटीएफई, जी जवळजवळ दुप्पट भावाची. तिन्ही चालतील, घरी बोलून सांगा म्हणाले. आता आमच्या घरी बोलून काय ठरणार? तूर कधी विकायची यावर आमचं एकमत होत नाही. कुणाला माहिती असेल तर सांगा, जास्त टिकते कोणती?

धमनीवाला, छत्रपती संभाजीनगर

मी हेच काम करतो, त्यामुळे पेशंट न बघता 'हे करा' म्हणणार नाही. पण तुम्ही तिसरा प्रश्न पहिल्यांदा विचारताय. कापड कोणतं, याआधी दोन गोष्टी सर्जनना विचारा. नळीचं खालचं टोक गुडघ्याच्या वर जोडणार की खाली? आणि उजव्या पायाची शीर बारीक आहे हे कशावरून ठरलं?

पहिल्या प्रश्नाचं महत्त्व आकड्यांत सांगतो. १९८६ साली अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेली तुलना प्रसिद्ध झाली. पोटरीतल्या बारीक धमन्यांपर्यंत नेलेल्या बायपासमध्ये चार वर्षांनी स्वतःची शीर वापरलेले ४९ टक्के चालू होते आणि पीटीएफईचे फक्त १२ टक्के. गुडघ्याच्या वर जोडलेल्यांत तोच फरक ६१ आणि ३८ असा होता. पुढं नेदरलँड्समध्ये फक्त गुडघ्याच्या वरच्या बायपासची तुलना झाली, तिथं पाच वर्षांनी शीर सुमारे ७६ टक्के आणि पीटीएफई ५२ टक्के. म्हणजे तीच नळी, तोच कारखाना, पण चार बोटं खाली जोडली की निकाल पार बदलतो. गुडघ्याच्या वर कृत्रिम नळी हा बऱ्यापैकी पर्याय आहे. खाली ती नाइलाजाची गोष्ट आहे.

डेक्रॉन विरुद्ध पीटीएफई हा वाद आमच्या परिषदांमध्ये रंगतो, पण २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात सगळ्या चाचण्या एकत्र केल्यावर गुडघ्याच्या वर डेक्रॉनला दूरच्या काळात थोडा फायदा दिसला, एवढंच. थोडा म्हणजे थोडाच. माझा हात पीटीएफईवर बसलाय म्हणून मी ती वापरतो. माझ्या गुरूंचा डेक्रॉनवर बसला होता.

गोदाकाठची, नांदेड

मी ऑपरेशन थिएटरची (ओटी) सिस्टर. शिरेबद्दल बोलते. पेशंट एसी खोलीत, उपाशी, सपाट झोपलेला असताना सोनोग्राफी केली तर चांगली शीरसुद्धा आकसून दोन मिलिमीटर दिसते. परत करायला सांगा. खोली गरम, अंगावर चादर, पाय खाली लोंबता नाहीतर वर पट्टा बांधून, आणि जांघेपासून घोट्यापर्यंत जागोजाग माप. साधारण तीन मिलिमीटर भरली तर सर्जन वापरायला बघतात, काही जण अडीचलाही हो म्हणतात.

दुसरं, हातांच्या शिरा तपासल्या का? दंडाची, कोपरापासून मनगटाकडं जाणारी, या शिरा पायात बसवतात. तुकडे जोडूनही बसवतात. म्हणून आजपासून मामांच्या निदान एका हाताला कोपराजवळ आणि मनगटावर सुई लावू देऊ नका. सलाईन लागलीच तर तळहाताच्या मागच्या बाजूला. रक्त घ्यायलाही तिथूनच घ्या म्हणायचं. आपल्याकडं भरती झाला की पहिल्या तासात दोन्ही हातांच्या चांगल्या शिरा टोचून संपवतात, आणि मग सर्जन विचारतात, हाताची शीर कुठाय?

नाथसागर, पैठण

डॉक्टर नाही, कापडातला माणूस आहे. पण या नळ्यांची गोष्ट आमच्या धंद्याची आहे म्हणून लिहितो.

डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर. टेरिकॉटच्या शर्टात असतं तेच रसायन. १९५२ मध्ये व्हुऱ्हीस नावाच्या अमेरिकी सर्जननं व्हिन्यॉन-एन या कापडाची नळी धमनीच्या जागी बसवून दाखवली. ह्यूस्टनचे सर्जन डीबेकी यांची गोष्ट प्रसिद्धच आहे. ते दुकानात नायलॉन आणायला गेले, नायलॉन संपलेलं, दुकानदारानं डेक्रॉन दिलं आणि त्यांनी ते घरी बायकोच्या शिलाई मशीनवर शिवून नळी केली. पुढं कारखान्यात ती अखंड गोल विणायला लागले.

यात दोन जाती. एक मागावरची, ताणा-बाणा घट्ट, पैठणीसारखी. दुसरी स्वेटरसारखी फासे घालून विणलेली, मऊ, सुईला सोपी, पण तिच्यातून रक्त झिरपतं आणि वर्षानुवर्षांत ती थोडी सैल होऊन रुंदावते. पूर्वी ऑपरेशनच्या वेळी पेशंटचंच रक्त आत भरून गोठवायचे, म्हणजे भोकं बुजायची. आता जिलेटिन किंवा कोलॅजेन लावून कारखान्यातूनच बुजवून येते. नळीला चुण्या असतात त्या वाकवल्यावर मुडपू नये म्हणून.

पीटीएफई कापडच नाही. नॉन-स्टिक तव्यावर असतं ते टेफ्लॉन. १९३८ मध्ये प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला अपघातानं सापडलं. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी तापवलेली कांडी हळू ताणण्याऐवजी झटक्यात ओढली आणि ती तुटायच्या ऐवजी लांबच लांब ताणली जाऊन सच्छिद्र झाली. त्या ताणलेल्या पीटीएफईत गाठी आणि त्यांना जोडणारे बारीक तंतू असतात. नळीसाठी दोन गाठींमधलं अंतर साधारण ३० मायक्रॉन ठेवतात. रक्त बाहेर येत नाही, पण टाके घातलेल्या भोकातून मात्र बराच वेळ गळतं, असं डॉक्टर लोकांकडून ऐकलंय. खरं का, धमनीवाले साहेब?

धमनीवाला

खरं आहे. त्या भोकांवर दाबून धरून उभं राहण्यात आमचा बराच वेळ जातो.

तुमच्या माहितीला एक जोड देतो, कारण 'टिकते' याचा अर्थ त्यात आहे. ही दोन्ही द्रव्यं शरीरात सडत नाहीत. नळी फाटून बायपास बंद पडणं फार क्वचित. बंद पडतो तो जोडावर. ताठ नळी आणि लवचिक धमनी जिथं शिवलेली असते तिथं, विशेषतः खालच्या टोकाला, आतल्या बाजूनं मांस वाढतं आणि वाट अरुंद होते. शिवाय स्वतःच्या शिरेला आतून जिवंत अस्तर असतं, ते रक्त गोठू देत नाही. माणसाच्या अंगात कृत्रिम नळीवर असं अस्तर टोकांपासून एक-दोन सेंटिमीटरच सरकतं, मधली सगळी नळी उघडीच राहते. म्हणून प्रवाह जोरात असेल तोवर चालते, मंदावला की गोठते. सहा मिलिमीटरपेक्षा बारीक कृत्रिम नळी पायात टिकत नाही ती यामुळेच.

मांजराथडी

बापरे, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. सिस्टर ताईंचं वाचून लगेच भाच्याला दवाखान्यात पळवलं, मामांच्या डाव्या हातावर पट्टी बांधून 'सुई लावू नये' असं पेनानं लिहून ठेवलंय. नर्स हसल्या म्हणे, पण पाळतायत.

एक विचारायचं होतं. जखम आहे त्याच पायात ही नळी. जखमेचा पू नळीत गेला तर?

धमनीवाला

योग्य भीती आहे. पू धावत जाऊन नळीत शिरत नाही, पण लसिकावाहिन्यांमार्गे जंतू जांघेत पोचतात आणि जांघेची चीर ही तशीही घामाची, घडीची जागा. शुगरवाल्यात ती चिघळते. स्वतःच्या शिरेला जंतुसंसर्ग झाला तर बरेचदा निभावतं. कृत्रिम नळीला झाला तर ती बहुधा काढावी लागते, आणि मग पाय वाचवणं अवघड. डेक्रॉनला रिफॅम्पिसिन या अँटिबायोटिकमध्ये भिजवतात, चांदीचा थर दिलेल्या नळ्याही मिळतात, पण ते संसर्गाचं काम असेल तेव्हाचं. मामांच्या बाबतीत जास्त उपयोगी गोष्ट साधी आहे. आधी जखमेतला पू निचरून, अँटिबायोटिक चालू करून, शुगर आटोक्यात आणून मग ऑपरेशन. आणि टाके काढेपर्यंत जांघ कोरडी.

जालनेकर

मी रेडिओलॉजीचा. बायपासवाले बायपासच सांगणार, म्हणून दुसरी बाजू मांडतो. :)

२०२२ मध्ये बेस्ट-सीएलआय नावाची मोठी चाचणी आली. अशाच जखमेच्या पायांचे पेशंट. ज्यांच्या पायात चांगली अखंड शीर होती त्यांच्यात बायपास फुग्यापेक्षा (म्हणजे आतून फुगा-स्टेंट घालून धमनी उघडण्यापेक्षा) सरस ठरला. पाय कापणं, मोठं ऑपरेशन पुन्हा लागणं किंवा मृत्यू मिळून ४३ टक्के विरुद्ध ५७ टक्के. पण ज्यांच्याकडं तशी शीर नव्हती, म्हणजे मामांसारखे, त्यांच्यात दोन्ही जवळजवळ सारखेच. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधून बॅसिल-२ आली, ती पोटरीतल्या धमन्यांच्या रोगाची, तिथं फुगा आधी करणं सरस निघालं. तेव्हा शीर नाही म्हणून नळी, असं सरळ गणित मांडण्याआधी 'फुगा किंवा स्टेंट का नको' हे विचारा. कारण असेल, पण ते तुम्हाला कळायला हवं.

धमनीवाला

याला माझा विरोध नाही. फक्त जांघेपासून गुडघ्यापर्यंत अख्खी धमनी जुनी बंद आणि चुन्यानं (कॅल्शियमनं) भरलेली असेल तर फुग्याचंही वर्षभरानं काय होतं ते जालनेकर सांगणार नाहीत. :)

थर्मलवाला, परळी वैजनाथ

आपल्या अंगात आहे राव ती पीटीएफई. गुडघ्याच्या वर जोडलेली, बरीच वर्षं झाली, चालू आहे. डेक्रॉनचं मला कुणी विचारलंच नव्हतं, मीबी विचारलं नाही.

नळीचं सोडा, नंतरचं सांगतो. पहिली गोष्ट, आपल्याकडं उकिडवं बसणं आणि मांडी घालून तासभर जेवणं हे अंगवळणी पडलेलं. मला सांगितलं होतं फार वेळ गुडघा दुमडून बसायचं नाही. पंगतीत खुर्ची मागायला लाज वाटायची, आता मीच आधी जाऊन खुर्ची धरतो. संडास कमोडचा करून घेतला. मामांचा वाडा जुना असेल तर हे आत्ताच करून घ्या, ऑपरेशननंतर गवंडी भेटत नाही.

दुसरी, एप्रिल-मे. परळीचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. अंगातलं पाणी आटलं की रक्त घट्ट होतं म्हणून डॉक्टर ओरडतात. जुलाब लागले तरी अंगावर काढायचे नाहीत, लगेच जायचं.

तिसरी, तंबाखू. मी सोडला. माझ्याबरोबर त्याच वॉर्डात एक जण होता, त्यानं नाही सोडला. त्याचा पाय गेला. जास्त लिहीत नाही.

केजकर

विषयाला धरून नाही पण विचारतो. माझ्या मित्राचं वय ३४, ऊसतोडीला जातो, बिडी भरपूर. पायाची दोन बोटं काळी पडली. त्याला ही नळी बसवता येईल का? योजनेत होईल का?

धमनीवाला

शुगर नाही, वय कमी, बिडी भरपूर, रोग बोटांकडून वर येतोय, तर आधी बर्गरचा आजार डोक्यात येतो. त्यात पाऊल आणि पोटरीतल्या बारीक धमन्याच बंद असतात. नळी जोडायला खाली चांगलं टोकच मिळत नाही आणि कृत्रिम नळी तिथं उपयोगाची नसते. त्याचा सगळ्यात परिणामकारक उपचार फुकट आहे. बिडी, तंबाखू, मिसरी, गुटखा सगळं पूर्ण बंद. कमी करून चालत नाही. जे पूर्ण सोडतात त्यांचा पाय कापायची वेळ क्वचित येते. त्याला लगेच अंबाजोगाईला स्वाराती रुग्णालयात किंवा संभाजीनगरला घाटीत दाखवा, हंगामाची वाट बघू नका. मुकादमाची उचल फेडायची राहिली म्हणून थांबलेले पेशंट मी बघितलेत.

आरोग्यधन

एवढा खर्च करण्यापेक्षा उपाशीपोटी लसणाच्या पाकळ्या आणि आल्याचा रस घ्या, ब्लॉक विरघळतो. अनुभव घेऊन बघा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

गोदाकाठची

चुना भरलेली धमनी लसणानं विरघळत असती तर आमच्या ओटीत आम्ही लसूणच सोलत बसलो असतो. जखम असलेल्या पायाला महिनाभर हे करून बघू म्हटलं की घोट्याऐवजी मांडीत कापायची वेळ येते. कृपा करून या धाग्यावर नको.

मांजराथडी

हेपारिनवाल्या नळीचं कुणी बोललंच नाही. दुप्पट पैसे द्यायचे का नाही?

जालनेकर

मी नाही म्हणेन. एक वर्षाचा फायदा दाखवतात, पुढचं धूसर आहे. तेच पैसे वर्षभराच्या गोळ्या, चांगली पादत्राणं आणि दर काही महिन्यांनी डॉप्लर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) यावर लावा. नळी महागाची आणि पुढं तपासणीला कुणी येत नाही, हे जास्त दिसतं.

धमनीवाला

इथं माझं मत वेगळं. २०११ मध्ये स्कँडिनेव्हियातली चाचणी आली. त्यात हेपारिन जोडलेली पीटीएफई एक वर्षानं ८६ टक्के चालू होती, साधी ८० टक्के. हा सगळ्यांचा एकत्र आकडा. पण ज्यांच्या पायाला धोका होता, म्हणजे रात्रीचा ठणका, न भरणारी जखम, त्यांच्यात बंद पडण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आला. मामा त्याच गटात बसतात. बोट भरून यायला पहिलं वर्षच महत्त्वाचं असतं. जखम भरल्यावर नळी बंद पडली तरी पाय बरेचदा तगतो, कारण साधं कातडं जिवंत ठेवायला जखम भरण्यापेक्षा कमी रक्त पुरतं. म्हणून एक वर्षाच्या फायद्याला मी हसत नाही.

दोन अटी मात्र आहेत. पूर्वी कधी हेपारिनमुळे प्लेटलेट घसरल्या असतील तर ही नळी चालत नाही. हृदयाच्या ऑपरेशनची जुनी फाइल काढून दाखवा. आणि गोळ्या परवडणार नसतील इतकी ओढाताण होत असेल तर जालनेकर बरोबर आहेत, साधी घ्या.

गोळ्यांचंही ऐका. २००० साली नेदरलँड्समध्ये २६९० पेशंटवर तुलना झाली. स्वतःच्या शिरेच्या बायपासला रक्त पातळ करणारी तोंडी औषधं बरी पडली, कृत्रिम नळीला अॅस्पिरिन. म्हणून शेजाऱ्याच्या पायाला कोणती गोळी चालली ते मामांना लावू नका. गुडघ्याखाली कृत्रिम नळी असेल तर अॅस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेलचा फायदा दिसलाय. २०२० पासून कमी डोसची रिव्हारॉक्सॅबॅन अॅस्पिरिनबरोबर देणं वाढलंय, त्यात पायाचा रक्तप्रवाह अचानक बंद पडणं कमी होतं पण रक्तस्राव थोडा वाढतो. मामांची किडनी, पोट बघून त्यांचे डॉक्टरच ठरवतील.

नाथसागर

रिंगवाली नळी म्हणतात ती काय?

धमनीवाला

पीटीएफईवर बाहेरून कडी बसवलेली. गुडघ्याचा सांधा ओलांडून जायचं असेल तर ती मुडपत नाही. गुडघ्याच्या वरच थांबायचं असेल तर सहसा गरज नाही. आणि खाली जायचंच असेल, शीर पुरत नसेल, तर उरलेल्या शिरेचा छोटा तुकडा पट्टीसारखा खालच्या जोडात घालतात. १९८४ मध्ये मिलर यांनी ती पद्धत सांगितली, गुडघ्याखालच्या पीटीएफईला तिचा उपयोग होतो. सर्जनना 'कफ घालणार का' विचारा, त्यांना कळेल.

मांजराथडी

काल सर्जन आले होते. तुमचे सगळे प्रश्न कागदावर लिहून नेले, आधी थोडे चमकले, मग खुर्ची ओढून बसले आणि नीट बोलले. शीर गरम खोलीत परत मोजली. उजव्या मांडीत वरच्या अंगाला बरी आहे, खाली दोन मिलिमीटरच्याही आत. डाव्या हाताची ठीक, पण लांबी पुरत नाही, आणि उजव्या हाताची जुन्या सुयांनी खराब झालेली. फुग्याचं विचारलं, तर ब्लॉक लांब आणि चुन्याचा, त्यांच्या मते बायपासच. जोड गुडघ्याच्या वर, म्हणून रिंगही नको आणि कफही नको. जखम धुऊन घेतली, अँटिबायोटिक चालू.

महात्मा फुले योजनेचं आरोग्यमित्राशी बोललो. कागदपत्रं झाली, पण हेपारिनवाल्या नळीचा वरचा फरक आपल्याला बघावा लागेल असं दिसतंय. सोयाबीनचे पैसे आलेत. तीच घेतोय. हृदयाची फाइल मामींच्या ट्रंकेत सापडली, प्लेटलेटचं तसलं काही नाही. तंबाखूची डबी आता मामींच्या कमरेला आहे.

गोदाकाठची

छान. सुट्टी होताना डिस्चार्ज कार्डावर नळीचा प्रकार, जाडी आणि कुठून कुठं जोडली हे लिहून घ्या. नळीच्या खोक्यातलं स्टिकर असतं, ते फाइलला चिकटवा. पुढं रात्री-अपरात्री दुसऱ्याच गावच्या डॉक्टरांनी बघितलं तर हाच कागद कामाला येतो. आणि पाय अचानक गार पडला, पांढरा झाला, दुखायला लागला, बोटं हलेनात, तर चोळायचं नाही, शेकायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही. सहा तासांच्या आत गाठायचं. निलंग्याहून रात्री गाडी कुणाची मिळेल ते आत्ताच ठरवून ठेवा.

मांजराथडी

होय ताई, शेजारच्या पोराची बोलेरो ठरवली. मंगळवारी ऑपरेशन. दोन बाटल्या रक्त सांगितलंय, मामांचा गट बी निगेटिव्ह. लातुरात कोणी आहे का?

थर्मलवाला

माझा नाही चालत, गोळ्या चालू आहेत. मेव्हणा बी निगेटिव्ह, रेणापूर नाक्याला राहतो. त्याला सांगितलं. नंबर व्यनि केलाय.